अळूवडीच्या मागावर

१४ मे २००५, शनि.

सगळं बदललं ते आज संध्याकाळी सव्वासातला. देशमुखांच्या फॅमिली रूममध्ये, गालिच्यावर, बदाम सात चालू असताना. वेळ लिहून ठेवतो. पुढे कुणी विचारलं की तुझं डोकं नेमकं कधी फिरलं, तर उत्तर तयार असावं.

पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं. जेवणं झालेली. पत्त्यांना चौघं: मृ. (मृण्मयी), तिचे बाबा देशमुखकाका, मी आणि श्वेताताई. ताई म्हणजे मृ.ची मावसबहीण, सव्वीस वर्षांची, नोकरीवाली. आमच्या जुलैतल्या ट्रिपला ती आहे म्हणून तर दोन्ही घरांतून परवानगी मिळाली. नेहमीप्रमाणे मृ.ने किलवरची छक्की दाबून धरलेली. मला माहीत, ताईला माहीत, काकांना माहीत. आम्ही 'पास, पास' करतोय आणि ती दुसरी फालतू पानं टाकत छताकडे बघतेय. लहानपणापासूनचं आहे हे. चांगलं पान हातात असलं की सोडायचं नाही. समोरचा रडकुंडीला आला की मग सावकाश, काही विशेष नसल्यासारखं.

तेवढ्यात बेल. एक उंच मुलगा, खांद्यावर बॅग. काकू म्हणाल्या, "अगं बाई, सुजय आला." आयसेलिन गावातल्या त्यांच्या जुन्या मित्रांचा मुलगा. बॉस्टनला सहा आठवड्यांचा समर कोर्स करणार, राहणार इथे. गेस्ट रूममध्ये. मृ.च्या खोलीच्या शेजारी.

मग मृ., पानांवरून नजर न उचलता: "कौस्तुभ, सुजय पण येतोय हं आपल्याबरोबर ट्रिपला. जुलैपर्यंत फ्री होतो तो."

हं.

त्याने सहा अळूवड्या खाल्ल्या. मोजल्या मी. "आंटी, व्हॉट इज धिस कॉल्ड? इट्स इन्सेन." काकू खूश. "अळूवडी. पानं आमच्या कुंडीतली, गुंडाळल्यात मृण्मयीने." काकांनी त्याला आपली जागा दिली. घे रे, माझा हात तू खेळ. तो बसला आणि पुढच्याच पाळीला मृ.ने छक्की टाकली. त्याने लगेच पंजी लावली. "थँक्स," म्हणाला.

माझ्यासाठी तिने आजवर एक छक्की सोडलेली नाही.


१६ मे, सोम.

बाबा आठला डबा घेऊन जातात, आई साडेआठला. साडेआठला मी तळघरात, माझ्या ऑफिसला. एका स्क्रीनवर ऑनलाइन पोकरची चार टेबलं. संत्रं हजर. (माझं तिथलं नाव: नागपुरी संत्रं. मृ. स्प्रिंग ब्रेकला शेजारी बसून बघायची तेव्हा या नावावर खूप हसली होती. खूप प्रश्नही विचारायची. हा का फेकलास, तो का ठेवलास.)

काम सोपं आणि कंटाळवाणं. दहातले आठ डाव फेकायचे आणि चिडलेल्या माणसाची वाट बघायची. चिडलेला माणूस पैसे वाटत सुटतो. मग संयम असलेल्याने ते गोळा करायचे. एवढंच. कॉलेजात तीन सेमिस्टर काढली त्यात मला याच्याइतकं काही समजलं नाही.

ट्रिपसाठी चार हजार हवेत. अर्ध्याच्या वर आलोय. मृ.च्या भिंतीवर अकरावीपासून नकाशा आहे, पिना टोचलेल्या. आमच्या श्रूजबरीपासून पॅसिफिकपर्यंत. पहिली पिन तिने टोचली, दुसरी मी. दोन जुलैला निघायचं, माझ्या गाडीतून.

जेवताना बाबा: "काय करून राहिला तू दिवसभर?"
आई: "जुगार."
बाबा: "जुगार नको म्हणू त्याला. जुगारात निदान चार माणसं भेटतात."

ही वही कॉलेजात मराठीत सुरू केली, रूममेटला कळू नये म्हणून. सातवीपर्यंतची नागपूरची शाळा तेवढ्या उपयोगाला आली. आता घरी आलोय तर आईला मराठी वाचता येतं. वही तळघरात, घर गरम करायच्या फर्नेसच्या मागे.


२० मे, शुक्र.

मृ. घ्यायला आली. ग्रोसरीत जायचं होतं, काकूंची यादी घेऊन. दार उघडून बसलो तर पाय कुठेच टेकेनात. पुढची सीट पार मागे सरकवलेली. लांब पायांच्या माणसासाठी.

ती सीट दोन वर्षं माझ्या मापाची होती.

काही बोललो नाही. खटकन पुढे ओढली. तिने बघितलं. 

परत येताना पैशांचा विषय निघाला. ती म्हणे, मी माझा हिस्सा स्वतः भरणार. कशाने? लोकांच्या मुलांना गणित शिकवून?

"मी देतोय ना सगळ्यांचं."
"सगळ्यांचं दे. माझं नको."
"माझ्या पैशांना वास येतो का?"
"पैशांना नाही. तू 'मी देतोय ना' म्हणतोस, त्याला येतो."

उतरताना दार आपटलं. तिच्या गाडीचं. मग वाईट वाटून मागे वळलो तर ती वळण घेऊन गेलेली.

डिसेंबरात मी कॉलेज सोडलं तेव्हा ती आठवडाभर बोलली नव्हती. लॅब पार्टनरची कॉलर धरली होती मी, कॉलेजवाले एक सेमिस्टर घरी बसा म्हणाले, मी म्हटलं कायमचाच बसतो. ती एवढंच म्हणाली होती: "तुला सोडून देता येतं, थांबता येत नाही." मला वाटलं होतं कौतुक आहे.


२६ मे, गुरु.

देशमुखांच्या डेकवर. सुजय ग्रिलपाशी, काकूंचा एप्रन बांधून. त्याला एप्रनही शोभतो, हे फार झालं.

"ब्रो, मृण्मयी सेज यू आर सिक ॲट पोकर."
सिक म्हणजे भारी. म्हटलं, तू खेळतोस?
"अ लिटल. ऑनलाइन. पेनीज."
म्हटलं, नाव काय तिथे तुझं?
"टेल यू अँड लूज माय पेनीज? नो वे."

हसला. मृ.ही हसली. जरा जास्तच. आणि एकदम आत निघून गेली, चटणी आणायला. चटणी टेबलावरच होती.


३० मे, सोम.

सापडला.

दुपारी एकचा सुमार. पन्नास सेंटवाल्या टेबलावर नवीन माणूस येऊन बसला. नाव: अळूवडी. इंग्रजी अक्षरांत, पण स्पष्ट. गाव विचारतात तिथे लिहिलेलं: मॅसॅच्युसेट्स.

अख्ख्या राज्यात हा शब्द माहीत असलेले किती, आणि त्यातले या साइटवर खेळणारे किती? आणि त्यातल्या कुणी गेल्या पंधरवड्यात सहा खाऊन नाव विचारून घेतलं होतं? माझ्यासमोर, नाव पाठ केल्यासारखं दोनदा म्हणून दाखवलं होतं.

प्रत्येक खेळाडूवर टीप लिहून ठेवता येते. लिहिली: सुजय. लांब पाय.


२ जून, गुरु.

आज चारही टेबलं सोडली आणि फक्त याच्या टेबलावर बसलो. हे शिस्तीत बसत नाही, माहीत आहे. कमाई टेबल बघून करायची असते, माणूस बघून नाही.

चॅटमध्ये लिहिलं: आय नो हू यू आर.

 मग उत्तर आलं: दोन टिंबं आणि एक कंस. हसरा चेहरा.

म्हणजे यालाही माहीत आहे मी कोण ते. आणि हसतोय.

टिपेत भर: चांगली पानं दाबून ठेवतो. हातात काही नसल्यासारखा बारीक बारीक पैसे लावत राहतो, मग एकदम. दोनदा फसलो. चाळीस डॉलर गेले.

वाईट खेळत नाही. हे लिहायला त्रास झाला.


७ जून, मंगळ.

लेकवर गेलो होतो, उगीच, चक्कर मारायला. ती दोघं एका कनूमध्ये, त्या अरुंद होडीत. तो वल्हवत होता. मृ. पुढे, पाय पाण्यात सोडून. ती मला म्हणते तिला पाण्याची भीती वाटते. माझ्याबरोबर तीन वर्षांत एकदाही बसली नाही.

घरी आलो. भिंतीवर हात मारला. भिंत म्हणजे काय, इथल्या भिंती बिस्किटाच्या. भोक पडलं. आईचं मराठी कॅलेंडर वरून आणून त्यावर लावलं. आई म्हणाली, "कॅलेंडर इतकं खाली का? कुणाला बसून एकादशी बघायची आहे?"

बोटं सुजलीत. माऊस डाव्या हाताने.


९ जून, गुरु.

अळूवडी रोज येतो. दुपारी दोन ते चार. मीही दोन ते चार. त्याने टेबल बदललं की मी बदलतो. आज परत लिहिलं.

हू आस्क्ड यू टू कम?

उत्तर नाही.

यू डोन्ट बिलाँग हिअर.

उत्तर नाही. पुढच्या डावात पानं न बघता फेकल्यासारखी फेकली. मग आणखी तीन डाव तसेच. चिडला. चिडलेला माणूस पैसे वाटतो. ऐंशी डॉलर आले माझ्याकडे.

किती गोड लागतं ते सांगता येत नाही. कुणाला सांगणार?

एक गोष्ट खटकली ती लिहून ठेवतो. दोन ते चार सुजय बॉस्टनला क्लासमध्ये असतो. मृ.च म्हणाली, ट्रेनने साडेपाचला येतो. मग हा? लॅपटॉप घेऊन मागच्या बाकावर बसत असेल. मी तेच करायचो.


११ जून, शनि.

देशमुखांकडे ट्रिपची मीटिंग. ताईने यादी केली: तंबू, कूलर, मोटेल. सुजय नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "व्हॉट्स धिस पिन?" वायोमिंगमधली. माझी. गरम पाण्याचे झरे. मृ.ने सांगितलं त्याला सगळं, कधी टोचली, का टोचली. माझ्या पिनेची गोष्ट, त्याला, हसत हसत.

मृ. माझ्याशी आज एक वाक्य धड बोलली नाही. मी ग्लास मागितला तर ताईला म्हणाली, "त्याला ग्लास दे." मी समोर असताना.

याने सांगितलं असणार तिला, मी टेबलावर काय लिहिलं ते. चुगलखोर.

निघताना तिला म्हटलं, काय झालंय?
"तुला माहीत आहे काय झालंय."
"मला माहीत असतं तर विचारलं असतं का?"
तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बूट उलटे घातले.


१४ जून, मंगळ.

अळूवडीला लिहिलं: स्केअर्ड? कम टू द बिग टेबल. चार डॉलरवालं. तिथे बसायला चारशे लागतात. मी स्वतःही तिथे बसत नाही.

 मग: टुमॉरो. टू.


१५ जून, बुध.

कसं लिहू. 

दोनला तो आला. सगळे घेऊन आला होता असं वाटतं, चारशे आणि त्यावर जेवढे टेबल घेऊ देईल तेवढे, हरला की परत भरत होता. अर्धा तास मोठं काही नाही. मग तो डाव.

माझ्या हातात चौकटच्या दोन पानांपलीकडे काही नाही. टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पानांत आणखी दोन चौकट. म्हणजे आणखी एक आली तर पाच चौकट होऊन मी राजा, नाही तर शून्य. तो बारीक बारीक लावतोय. टिपेत माझ्याच हाताने लिहिलंय: दाबून ठेवतो. मला कळत होतं त्याच्याकडे मोठं काही आहे. फेकायला हवं होतं. कुठलाही शहाणा माणूस फेकेल. मी नाही फेकलं, कारण समोर एप्रन दिसत होता, कनू दिसत होती, मागे ढकललेली सीट दिसत होती. सगळे सारले पुढे.

त्यानेही सारले. पानं उघडली. त्याच्याकडे तीन नव्व्या. पहिल्यापासून होत्या.

शेवटचं पान चौकटची दुर्री.

सगळं माझ्याकडे सरकलं. अळूवडीच्या नावापुढे शून्य. मी लिहिलं: गो होम.

तो उठला. नाव टेबलावरून गेलं.

वर जाऊन आईने ठेवलेला अख्खा उपमा खाल्ला. चार हजार पूर्ण, वर थोडे. मृ.ला फोन केला, पैसे झाले म्हणून सांगायला. उचलला नाही.


१८ जून, शनि.

सकाळी ताईचा फोन. मृ. येत नाही म्हणे. ट्रिपला.

चालत गेलो, दोनच गल्ल्या आहेत. सुजय देशमुखांचं लॉन कापत होता. काकांचं लॉन, काकांची टोपी. माझं डोकं गेलं. मशीनच्या आवाजावर ओरडलो, "काय रे, अळूवडी संपली का?"

त्याने मशीन बंद केलं, कानातले हेडफोन काढले. "डूड, आंटी मेड मोअर? सेव्ह मी सम."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. मी रोज तोंडं वाचतो, निदान न दिसणारी. हे तोंड दिसत होतं आणि त्यात काहीही नव्हतं. त्याला खरंच भूक लागली होती.

मृ. गराजच्या दारात उभी. सगळं ऐकलेलं. म्हणाली, "त्याला काय विचारतोस? इकडे ये."

गराजमध्ये, कुंड्या आणि जुन्या सायकलींच्या मध्ये. जसं आठवतं तसं लिहितो.

"अळूवडी मी आहे."
मी एका सायकलचं हँडल धरलं.
"आता हे नको सांगूस की तुला माहीत नव्हतं."
"मला वाटलं सुजय."
"तूच लिहिलंस, आय नो हू यू आर. मी हसले. मला वाटलं ओळखलंस. तू संत्रं, म्हणून मी अळूवडी. माझा हिस्सा मी तुझ्याच धंद्यात कमावला, हे निघायच्या दिवशी सांगणार होते. इतकी वर्षं माझ्यासमोर पत्ते खेळतोस. मी पानं दाबते हे तुला माहीत नाही?"

माहीत होतं. टिपेत लिहिलं होतं. दुसऱ्याच्या नावाखाली.

"मग तू लिहिलंस, तुला कुणी बोलावलं. मग, तुझी ही जागा नाही. मला वाटलं, बरोबर आहे. याला मला याच्याच पैशांवर न्यायचंय. माझे संपले की मी गप्प बसून सगळीकडे थँक यू म्हणत फिरेन. म्हणून आले मोठ्या टेबलावर. म्हटलं बघू."
"ते तुझ्यासाठी नव्हतं, मृ. शपथ."
"म्हणजे? सुजयसाठी असतं तर बरं होतं? त्याने काय केलंय तुझं? माझी सीट मागे सरकवली?"

सीट का ओढली ते तिला कळलं होतं म्हणजे. त्या दिवशीच.

"मी परत देतो. आजच्या आज."
"माझेच मला देणार? आणि वर म्हणशील, मी देतोय ना."

बाहेर मशीन परत सुरू झालं नव्हतं. म्हणजे तो ऐकत उभा होता, किंवा पाणी प्यायला गेला होता. तशाही वेळी माझं अर्धं लक्ष तिकडेच. तिला ते दिसलं. म्हणाली, "जा कौस्तुभ." पूर्ण नाव, सावकाश.


१९ जून, रवि.

तीन नव्व्या. माझ्याकडे काही नव्हतं. तिचा डाव होता तो.


२२ जून, बुध.

तिला मेल केली. परत टेबलावर ये, मी मुद्दाम हरतो, एका दुपारीत सगळे तुझ्याकडे येतील.

उत्तर आलं, एका ओळीचं: "तू हरलेले आणि मी जिंकलेले यात मला फरक कळतो."

अळूवडी शोधला/शोधली. नाव सापडत नाही. अकाउंट बंद केलंय.

साइटवर पैसे काढायला टाकले, सगळेच. टेबलं उघडली नाहीत. दिवसभर कॅलेंडरसमोर बसलो. जून महिन्यात किती मुहूर्त आहेत लग्नाचे.


२९ जून, बुध.

बँकेतून रोख काढले. तिचे जेवढे माझ्याकडे आले तेवढे, टेबलावरच्या नोंदींतून काढून, पाकिटात. ताईच्या अपार्टमेंटवर गेलो. ताईने दार उघडलं आणि आधी पाकिटाकडे बघितलं.

"मृण्मयी येतेय ट्रिपला," म्हणाली. "माझ्या गाडीतून जातोय आम्ही. शनिवारी सकाळी सातला, मावशीकडून."
"हिस्सा?"
"सुजयने भरलाय सध्या. उसना."

मला जे झालं ते लिहीत नाही. म्हटलं, "त्याचे चालतात? माझे नाही?"
ताई म्हणाली, "त्याने दिले आणि विषय बदलला. तू आजवर कधी विषय बदललायस?"

मी मूठ वळून भिंतीकडे बघितलं. ताईने बघितलं मी बघितलेलं. "माझ्या भिंतीला हात लावलास तर डिपॉझिट तू भरायचं."

मग पाकीट घेतलं तिने. "ठेवते. वायोमिंग आलं की देईन. नाहीतर कॅलिफोर्निया. ज्या दिवशी ती हसत असेल त्या दिवशी."
"आणि चौथी सीट?"
"मी कुणाला दिलेली नाही."
"ती काय म्हणते?"
"येऊ नको म्हणाली नाही. येऊ दे पण म्हणाली नाही."
"त्याने विचारलं?"
"कुणी?"
"सुजयने. की कौस्तुभ येतोय का."
"रोज विचारतो रे बाबा. त्याला तू आवडतोस. का ते देवाला माहीत."

ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट आणखी जळलो. माणसाने एवढं चांगलं असू नये. रागवायला जागाच ठेवत नाही.


१ जुलै, शुक्र.

बाबा आज तळघरात आले. कधी येत नाहीत. कॅलेंडर काढून महिना उलटायला गेले आणि भोक दिसलं. बराच वेळ बघत होते. मी म्हटलं आता सुरू होणार.

"मी हॉस्टेलला एक खिडकी फोडली होती," म्हणाले. "नागपूरला. काचेने हात कापला, सात टाके."
"आईसाठी?"
"तुझी आई नव्हती ती."

कॅलेंडर परत अडकवलं, भोक उघडं ठेवून, शेजारी. जिन्यावरून म्हणाले, "रविवारी प्लास्टर आणून लावतो. तू असशील तर दोघं लावू. नसशील तर मी एकटा लावतो. काही अवघड नसते."

बॅग भरली. चार टी-शर्ट, जॅकेट, टॉर्च. काढली. परत भरली.

आईने विचारलं, "जातोयस का?" म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "दशम्या केल्यात वीस. गेलास तर ने. नाहीतर तुम्ही दोघं बापलेक खा."


२ जुलै, शनि.

सहा वीस. उजाडलंय. आई-बाबा झोपलेत.

ते सातला निघतील. ताई उशीर करत नाही. सुजय पुढे बसणार, लांब पाय. मृ. मागे, खिडकीशी, डावीकडे. तिच्या शेजारी दशम्यांचा डबा, किंवा कूलर, किंवा कुणीतरी.

मला अजूनही राग येतोय. हे लिहून टाकतो, खोटं कशाला. त्याने वल्हवलं, त्याने एप्रन घातला, त्याने उसने दिले आणि विषय बदलला. तो झोपेतून उठून तिच्या शेजारच्या खोलीतून बाहेर येत असेल आत्ता, दात घासत. मला ते दिसतं. मी तिथे गेलो की हे सगळं चार आठवडे रोज दिसणार. गेलो नाही की न बघता दिसणार.

मृ.ला काय म्हणू? माफ कर तर मेलमध्ये तीनदा म्हटलं. पैसे तर ताईकडे. मला एवढंच विचारायचंय, आणि ते विचारता येणार नाही, की माझ्यासाठी काही दाबून ठेवलंयस का हातात. की तुझ्याकडे ते पानच नाही. एकदा पास म्हण म्हणजे कळेल.

ती नाही म्हणणार. छताकडे बघेल.

बॅगचं काय करावं? घेऊन गेलो तर सीट मागायला आलोय असं दिसेल. न घेता गेलो आणि ती म्हणाली चल, तर? म्हणजे बॅग दाराबाहेर ठेवायची, पायरीवर, दशम्यांचा डबा वर. आपण हात हलवत चालत जायचं. दोनच गल्ल्या. बोलावलं तर गाडी इकडूनच वळेल, उचलता येईल. नाही बोलावलं तर परत येऊन मीच उचलीन.

वही फर्नेसमागे ठेवत नाही. इथेच, टेबलावर. आईला वाचता येतं, वाचू दे.

सहा एकतीस. बूट घातले, सरळ. किल्ली खिशात नाही, वर राहिली बहुतेक. आता शोधत बसत नाही. परत आलो तर बेल वाजवीन.

बॅग बाहेर ठेवली. दार ओढून घेतो.